बर्फ फुटण्याआधीचं अपग्रेड

३ एप्रिल, रविवार

आमच्या बेटावरून मुख्य भूमीकडे जाणारा बर्फावरचा रस्ता आज बंद केला. शेजारच्या ताउनोने आमच्या बाजूला लाल फळी ठोकली आणि खिळे तोंडात धरूनच म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे जगातून." आता केलीरिक्को सुरू. बर्फ चालायला कच्चा आणि होडी घालायला जाड, असे हे दिवस. कधी दोन आठवडे चालतात, कधी महिनाभर.

रिवाज असा की केलीरिक्कोच्या आधी कुठलंही काम अर्धवट ठेवायचं नाही. पीठ, कॉफी, औषधं भरून झाली. करवतींना धार लावून झाली. माझ्या बायकोने, सिनिक्काने, तर पडदेसुद्धा धुऊन काढले. माझ्या वाट्याला दरवर्षीप्रमाणे दोन कामं. एक म्हणजे हायड्रोकॉप्टर, ही बर्फावर आणि पाण्यावर सारखीच पळणारी पंख्याची होडी. तिचं तेल बदललं, पंखा तपासला. दुसरं म्हणजे फोन.

बेटावरच्या सगळ्या घरांत माझेच फोन आहेत. मी पूर्वी काम करायचो त्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं तेव्हा मी खोकाभर उचलून आणले होते. आत लिनक्स, बाहेर खरी बटणं, आणि हवामानाचा नि बर्फाचा अंदाज दाखवणारा मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तारांचे फोन कधीच काढून नेले, त्यामुळे हेच काय ते आमचे कान. वर्षभर साठलेली अपग्रेडं उद्या सगळ्यांच्या फोनवर चढवून टाकीन. सिनिक्का म्हणते की मला फोन चालू बघायला आवडत नाही, उघडलेला बघायला आवडतो. असेल. पण महिनाभर कुणाला डॉक्टर लागला तर ह्याच फोनवरून बोलावणार ना? मला त्या विचारानेच झोप लागत नाही.

४ एप्रिल, सोमवार

सगळ्यांचं झालं. पाय तुटले, आणि पोटात कॉफी इतकी की विचारू नका. प्रत्येक घरी एक कप आणि एक वेलचीचा गोड पाव, नाही म्हणायची सोय नाही.

पहिल्याच फोनवर, ताउनोच्या, अपग्रेड मधेच अडलं. दोन पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, एकाच फाइलीवर हक्क सांगत होती. नवं म्हणे ही माझी, जुनं म्हणे मी सोडत नाही. फोनने हात वर केले आणि निम्मी पॅकेजं बसलेली, निम्मी लोंबकळलेली अशा अवस्थेत थांबला. मागे जावं तर वाट नाही. ताउनो मानेवर श्वास सोडत उभा. शेवटी जबरदस्तीची कमांड दिली, म्हणजे जुन्याच्या डोक्यावर नवं बसवलं. मुकाट्याने पुढे गेला. मग सिनिक्काला फोन लावून पाहिला, लागला. तिने उचलून "जेवायला कधी येणार" असं विचारलं, म्हणजे आवाजही स्वच्छ.

पुढे प्रत्येक घरी तीच अडचण, तीच कमांड आणि सिनिक्काला फोन. शेवटी ती वैतागली, म्हणाली की आता अजून एकदा वाजला तर विहिरीत टाकीन.

सगळ्यात शेवटी ओन्नीकाका आणि हेल्वीकाकूंकडे गेलो. त्यांचं घर सामुद्रधुनीपलीकडच्या टेकाडावर, एकटं, तिथे हायड्रोकॉप्टरशिवाय आता जाता येत नाही. सारं बेट त्यांना काका-काकूच म्हणतं. काकांनी छातीच्या गोळ्यांची बाटली हलवून दाखवली, भरपूर आहेत म्हणाले. मी फोनला तार जोडली तशी चष्म्यावरून बघत राहिले.

"चालतंय ते का बदलतोस रे?"

मी म्हटलं, नवं जास्त सुरक्षित असतं काका. ते म्हणाले की नव्वदीला टेकलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे गंमतच आहे. काकूंनी पाव बांधून दिला. निघताना काकांनी नेहमीप्रमाणे फोन बंद करून फडताळात ठेवला. दिवसा कोण फोन करतंय, उगाच बॅटरी का जाळायची, असं त्यांचं म्हणणं. लागला की चालू करतात.

६ एप्रिल, बुधवार

कुणाचाही फोन नाही. म्हणजे सगळं ठीक. आमच्याकडे काही बिघडल्याशिवाय कुणी फोन करत नाही, आणि बिघडलं तरी आधी तीनदा विचार करतात.

तरी मनाला चैन नाही. जबरदस्तीची कमांड मला कधीच आवडली नाही. कंपनीत असताना ती कुणी वापरली तर मी त्याला सगळ्यांसमोर सुनावत असे. आज सकाळपासून तीन वेळा माझ्या फोनचा पॅकेजांचा हिशेब उघडून पाहिला. एका पॅकेजापुढे "अर्धवट" असा शेरा आहे. फोन चालतो आहे, वाजतो आहे. मग अर्धवट काय आहे?

सिनिक्का म्हणाली, तू दात दुखत नसताना जिभेने चाचपत बसतोस.

७ एप्रिल, गुरुवार

आमच्यासारखे फोन वापरणारे लोक जगभर विखुरलेले आहेत आणि इंटरनेटवरच्या एका पानावर एकमेकांना लिहितात. आज तिथे एका जर्मन माणसाची तक्रार वाचली. तेच पॅकेज, तीच जबरदस्ती. त्याचा फोन अपग्रेडनंतर दोन दिवस छान चालला. मग त्याने बंद करून पुन्हा चालू केला आणि तेव्हापासून नेटवर्कच पकडत नाही.

आणि ते पटण्यासारखं आहे. फोन चालू असेपर्यंत जुनाच प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात फिरत राहतो. नवा, मोडका, पहिल्यांदा उठतो तो बंद करून चालू केल्यावरच. मी प्रत्येक घरी तपासून पाहिलं ते जुन्यालाच. एकही फोन बंद करून पाहिला नाही.

माझा अजून बंद करून पाहिलेला नाही. बटणावर बोट ठेवलं आणि काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. जर्मन माणसाचं मॉडेल थोडं वेगळं आहे, कदाचित त्याचंच काही चुकलं असेल. उद्या शांतपणे बघीन.

दुपारी खिडकीतून ओन्नीकाकांकडचा धूर दिसला. नेहमीपेक्षा बराच जास्त. काका सीका मासे धुरावत, म्हणजे धुरावर सुकवत असणार, ह्या दिवसांत जाळ्यात पडतात. बघून बरं वाटलं. निदान एका घरी तरी सगळं सुरळीत आहे.

८ एप्रिल, शुक्रवार

ताउनो सकाळीच दारात. टोपी काढली नाही, कॉफी नको म्हणाला, तेव्हाच मी समजलो. त्याचा फोन काल संध्याकाळी बॅटरी संपून बंद पडला, चार्ज करून लावला तर नेटवर्क नाही.

"तुझ्याकडून काही झालं का?" एवढंच त्याने विचारलं.

मी खोटं बोललो. म्हटलं, नेटवर्कच्या मनोऱ्याचा काही प्रश्न असेल, बघतो. तो गेला आणि मी माझा फोन बंद करून चालू केला. गेला. मेला. पडदा उजळला, घड्याळ बरोबर दाखवतोय, बर्फाचा अंदाज दाखवतोय, पण नेटवर्कच्या जागी रिकामी चौकट. बाकावर बसूनच राहिलो.

सिनिक्काचा अजून चालू आहे, तिने बंद केलेला नाही. तिच्या फोनवरून मी एकेक घर लावत गेलो. निम्मे लागले. निम्मे बंद. ज्यांचे लागले त्यांना फोन बंद करू नका म्हणून सांगितलं, कारण विचारल्यावर काहीतरी गुळमुळीत बोललो. ओन्नीकाकांचा बंद. पण त्यांचा तर नेहमीच बंद असतो.

दुपारभर संगणकावर जुनी पॅकेजं शोधली. माझ्याच जुन्या डिस्कांच्या डब्यात सापडली. माझ्या फोनवर नवं उपटून जुनं बसवताना दर वेळी एक नवं पॅकेज आडवं येई, मला काढलंस तर हे आणि हे पण काढावं लागेल, असं म्हणे, आणि त्या "हे" मध्ये खुद्द फोन करण्याचाच प्रोग्रॅम असे. एकदा चुकून हो म्हटलं असतं तर फोनचं फक्त घड्याळ उरलं असतं. शेवटी योग्य क्रम सापडला. चौकट भरली, नेटवर्क आलं. मी मोठ्याने रडलो असतो, पण सिनिक्का स्वयंपाकघरात होती.

काकांकडचा धूर आज काळा होता, अगदी डांबरासारखा, वाऱ्याबरोबर सरळ आमच्या दिशेने. सिनिक्काने खिडकीशी उभी राहून विचारलं, "मासे असे धुरावतात का रे?" मी म्हटलं, धुरासाठी घातलेल्या जुनिपरच्या फांद्या ओल्या असतील.

९ एप्रिल, शनिवार

सिनिक्का म्हणाली, आधी टेकाडावर जा. ती म्हातारी माणसं आहेत, तिकडे कुणी शेजारी नाही.

मी म्हटलं, धूर तर निघतोय ना. धूर म्हणजे चूल, चूल म्हणजे माणसं ठीक. इकडे तर ताउनोच्या सुनेला आठवा महिना आहे, इकडे तीन घरांत लहान मुलं. शिवाय हायड्रोकॉप्टर काढला की अख्ख्या बेटाला ऐकू जातो. लोक विचारणार, कुठे निघालास, का निघालास. सगळे फोन दुरुस्त झाल्यावरच लोकांना कळायला हवं होतं, आधी नाही. हे मी तिला बोललो नाही, इथे लिहितो आहे.

घरोघर फिरलो. बॅटरी तपासायला आलोय म्हणालो. ताउनोकडे सगळ्यात आधी गेलो आणि त्याच्या डोळ्याला डोळा न देता जुनं पॅकेज बसवलं. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. ह्या वेळी प्रत्येक फोन असाच तपासला. ताउनोने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाला की मनोरा सुधारलेला दिसतोय. त्याला कळलं आहे. तो कुणाला सांगणार नाही, आणि ह्याचीच मला जास्त भीती वाटते.

शेवटचं घर झालं तेव्हा धुकं उतरलं होतं, हाताचा पंजा दिसत नव्हता. अशात हायड्रोकॉप्टर घालणं म्हणजे मरण. टेकाड दिसत नव्हतं, धूरही नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१० एप्रिल, रविवार

कसं लिहू कळत नाही.

सकाळी धुकं निवळलं तसा निघालो. सामुद्रधुनीत बर्फ जागोजागी काळा पडलाय, मधे मोकळं पाणी. उतरलो तर अंगणात जळक्याचा घाण वास. ओल्या जुनिपरच्या फांद्यांचा मोठा ढीग, अर्धा जळालेला, आणि त्यात गाडीचं टायर, तारा उघड्या पडलेलं. मासे धुरावायला टायर कुणी घालतं का? मासे मात्र कुठे दिसले नाहीत.

काकूंनी दार उघडलं. केस विंचरलेले, स्वच्छ एप्रन. डोळे मात्र असे की मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ये, इल्पो. ओन्नी गेले रे."

काका बाहेरच्या खोलीत चुलीजवळ होते. पलंगावर नाही, खाली, मेंढ्याच्या कातड्यांवर गादी घालून. अंगावर दोन रजया. दाढी नुकतीच केलेली. उशाशी चमचा आणि बेरीच्या सरबताची वाटी. काकूंनी चादर त्यांच्या तोंडावर ओढली आणि मला खुर्ची दिली. मग सवयीने कॉफी ठेवली. मी नको म्हणू शकलो नाही.

मी विचारलं, कधी?

"गुरुवारी सकाळी पडले. लगेच गेले. काही त्रास नाही झाला त्यांना." मग म्हणाल्या, "फोन लावून पाहिला मी. लागला नाही. म्हटलं तू कामात असशील."

मी म्हणालो, काकू, तो माझ्यामुळे लागला नाही. अपग्रेड माझं चुकलं. चार दिवस झाले मला माहीत आहे. नाही, तीन. मी काय बोलत होतो ते मलाच कळत नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना काजळी लागली होती, नखांत खोल गेलेली.

"लगेच गेले म्हटलं ना. तुझा फोन लागला असता तरी काय फरक पडणार होता?"

हे मी जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. लगेच गेले. काकूंनी दोनदा सांगितलं.

मग फडताळातून फोन काढला, जुनं पॅकेज बसवलं. दोनदा बंद करून चालू केला. चौकट भरली. त्याच फोनवरून एकशेबारा लावला. समोरून बाई शांतपणे विचारत होती, कोण, कुठे, कधी, आणि मी शांतपणे सांगत होतो. गुरुवारी सकाळी, असं मीच सांगितलं.

संध्याकाळी सिनिक्काला सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, शुक्रवारचं खोटं बोलणंही नाही. ती शिवणकाम करत ऐकत होती. मधेच तिने सुई थांबवली.

"अंथरूण चुलीजवळ होतं?"

हो म्हटलं. तिने शिवणकाम गुंडाळून ठेवलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

१२ एप्रिल, मंगळवार

काल मुख्य भूमीवरून मोठ्या हायड्रोकॉप्टरने पोलीस आणि डॉक्टर आले, काकांना घेऊन गेले. मला वाट दाखवायला बोलावलं होतं. डॉक्टर तरुण बाई, कमी बोलणारी. तिने काकूंशी स्वयंपाकघरात दार लावून बोलणं केलं. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातमोजे घालू लागली.

काकू बेटावर आमच्याकडे यायला तयार नाहीत. म्हणतात, कोंबड्यांना कोण बघणार. मी रोज जायचं ठरवलं आहे. त्यांचा फोनही आता दिवसभर चालू असतो, चार्जरला लावून. मी आज तीन वेळा लावून पाहिला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "इल्पो, मी आहे रे. ठेव आता."

७ मे, शनिवार

बर्फ गेला. पाणी निळं झालंय, जसं काही झालंच नाही. फेरीबोट सुरू झाली आणि आज काकांचं दफन झालं, मुख्य भूमीवरच्या चर्चच्या आवारात. ताउनो, मी आणि आणखी चौघांनी पेटी खांद्यावर नेली. मला वाटलं होतं काकू मला नको म्हणतील. त्यांनीच मला पुढच्या बाजूला उभं केलं.

नंतर कॉफी, खारा केक, भातभरले पाव. लोक हळू बोलत होते. माझ्या फोनांविषयी कुणी एक शब्द काढला नाही. मी सगळ्यांना सांगणार होतो, उभा राहून. भाषण तयार केलं होतं. पण सिनिक्का म्हणाली, आज नको, आजचा दिवस काकूंचा आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली, म्हणून लिहितो. थडग्याचा दगड यायला वेळ आहे, तोवर लाकडी क्रूस लावतात. त्यावर काकांचं नाव, जन्माची तारीख आणि खाली मृत्यूची. ती ९ एप्रिल लिहिली आहे.

७ हवी. काका गुरुवारी गेले. काकूंनी मला दोनदा सांगितलं, मी एकशेबाराला सांगितलं. नऊ तारखेला शनिवार होता. त्या दिवशी मी घरोघर फोन दुरुस्त करत होतो.

बहुधा त्या डॉक्टरबाईचा अंदाज चुकला. देह चुलीजवळ, गरम खोलीत होता, त्याने तिचा हिशेब दोन दिवसांनी घसरला असेल. मग तेच कागदोपत्री चढलं आणि सुताराने तेच कोरलं. चूक अशीच एका जागेवरून दुसरीकडे जाते, मला चांगलं ठाऊक आहे. दगडावर कायमची जाण्याआधी दुरुस्त करायला हवी.

घरी आल्यावर सिनिक्काला म्हटलं, काकूंना फोन करून सांगतो, त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ती काळा कोट काढत होती. एक बाही अजून हातात तशीच.

"त्या तारखेला हात लावू नकोस."

"अगं, पण ती चुकलीये."

"चुकलेली नाही, इल्पो. तो धूर माशांचा नव्हता."

मी विचारलं, म्हणजे काय? काकूंनी स्वतः सांगितलंय, लगेच गेले. मला सांगितलंय, तुला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग सौना, आमची वाफेची न्हाणी, पेटवायला म्हणून बाहेर गेली, कोट तसाच खुर्चीवर टाकून. ती कधी कोट असा टाकत नाही.

मी टेबलाशी बसलो आहे. फोन समोर आहे. तो आता अगदी व्यवस्थित चालतो, नेटवर्क पूर्ण आहे. हेल्वीकाकूंचा नंबर काढून ठेवला आहे. फक्त हिरवं बटण दाबायचं, त्या उचलतील, तारखेचं विचारायचं, त्या सांगतील. आणि मला ते बटण दाबायची भीती वाटते आहे.